पाच पानांचा वीक टू: नियमबाह्य की नुसताच न सांगितलेला?

प्रश्न: मी आणि माझा भिडू दोन वर्षांपासून नाशिकच्या एका क्लबात दर मंगळवारी ब्रिज खेळतो: डुप्लिकेट पेअर्स, म्हणजे सगळ्या टेबलांवर तीच पानं, जोडी विरुद्ध जोडी. परवा बोर्ड ९ ला उत्तर डीलर होता. आम्ही नॉन-व्हल, समोरचे व्हल (व्हल्नरेबल, म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे). उत्तर पास, पूर्व पास, दक्षिणेला मी २ इस्पिक बोललो: वीक टू, म्हणजे लांब रंग पण कमी ताकद दाखवणारी दोनच्या पातळीवरची (आठ हात करायची) बोली. माझी पानं: इस्पिक राजा-राणी-१०-८-४, बदाम ७-३, चौकट ९-६-२, किलवर ८-५-४. सगळे पास. दोन हात कमी पडले, १०० गुण गेले. बाकीच्या टेबलांवर पूर्व-पश्चिमने ३ नो ट्रम्प करून ६०० घेतले होते. पश्चिमेकडे १५ पॉइंट होते (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), तो भडकला. म्हणाला, वीक टूला सहा पानं आणि सहा पॉइंट लागतातच, त्याखाली बोलणं ही शुद्ध फसवणूक. डायरेक्टर, म्हणजे पंच, आले, आमच्या बोलींचे ठरलेले अर्थ लिहिलेलं कार्ड पाहिलं. त्यावर ‘२ बदाम, २ इस्पिक: ६ पानं, ६ ते १० पॉइंट’ असं आहे. तिसऱ्या जागेवर, म्हणजे आधीचे दोघं पास झाल्यावर, आम्ही कधीमधी पाच पानांवर बोलतो, हे मी लपवलं नाही. त्यांनी आमचा स्कोअर बदलून मधलाच काहीतरी दिला. त्याच संध्याकाळी भिडूने ९ पॉइंटांवर १ बदाम ओपन केलं, त्यावरही कुरकुर झाली. किमान किती पॉइंट हवेत हे कुठे लिहिलंय का? आणि पुढच्या महिन्यात मुंबईच्या स्पर्धेत आम्ही मल्टी २ चौकट खेळायचं म्हणतोय. चालेल?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: पश्चिमेचा खेळाडू चुकला, आणि तुम्हीही चुकलात. त्याची चूक नियम न वाचल्याची आहे, तुमची कार्ड न लिहिल्याची. डायरेक्टर मात्र बरोबर होते.

आधी त्याचं म्हणणं निकालात काढू. वीक टूला सहा पानं आणि सहा पॉइंट हवेत, असं ब्रिजच्या कायद्यात कुठेही नाही. ते शिकवणीतलं आहे. आपण नवशिक्याला मेंढीकोटातून ब्रिजमध्ये आणताना सांगतो त्यातलं. कायद्याचा सूर उलटा आहे. २०१७ च्या डुप्लिकेट ब्रिज कायद्यांतलं कलम ४० सांगतं की तुम्ही ठरलेल्या पद्धतीपासून हवं तेव्हा सरकू शकता, पाच पॉइंटांवर काय, शून्यावरही बोलू शकता. अट एकच: तुम्ही सरकलात हे ओळखायला तुमच्या भिडूकडे समोरच्यांपेक्षा जास्त कारण असता कामा नये.

सगळं या अटीत आहे, आणि तुमचं घोडं इथेच अडलं. तुम्हीच लिहिलंय की तिसऱ्या जागेवर ‘कधीमधी’ पाच पानांवर बोलतो. पहिल्यांदा बोललात तेव्हा ते सरकणं होतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झालं, भिडूने ते पाहिलं, चहा पिताना त्यावर हसलात, की पुढच्या वेळी तुम्ही तिसऱ्या जागेवर २ इस्पिक बोललात तेव्हा त्याच्या मनात ‘पाचच असतील’ हे असणारच. त्याने ते मनातून काढायचं ठरवलं तरी निघत नाही. कायदा याला न बोलता झालेला करार मानतो. वारंवार केलेलं विचलन आपोआप तुमच्या पद्धतीचा भाग होतं, आणि पद्धतीचा भाग समोरच्याला सांगावाच लागतो. ‘वारंवार’ म्हणजे किती, हा आकडा कायद्यात नाही. कामचलाऊ कसोटी सांगतो: मागची दोन उदाहरणं तुम्हाला आठवत असतील तर भिडूलाही आठवत असतील, तेव्हा ती कार्डावर हवीत.

म्हणजे पाच पॉइंटांचा २ इस्पिक बेकायदा नव्हता. चुकीचं होतं ते कार्ड. पश्चिमेला खोटी माहिती मिळाली, आणि डायरेक्टरने पाहायचं ते एवढंच की त्या माहितीने त्याचं नुकसान झालं का.

पश्चिमेच्या खुर्चीत बसून हिशेब करा. त्याच्याकडे १५ पॉइंट, समजा इस्पिकात एक्का आणि दोन किरकोळ पानं, आकार सपाट. एकूण पॉइंट ४०, उरले २५. कार्ड सांगतं तुमच्याकडे ६ ते १०, म्हणजे सरासरी ८. राहिले १७, ते दोन पास झालेल्या हातांत वाटले तर भिडूकडे साडेआठ. पंधरा अधिक साडेआठ म्हणजे साडेतेवीस. सहा पानी इस्पिकासमोर एकच स्टॉपर (तो रंग अडवणारं पान), वर स्वतः व्हल. पास हा अगदी समजूतदार निर्णय आहे. आता कार्डावर ‘तिसरी जागा, नॉन-व्हल: ५ पानं चालतात, ३ ते १०’ असं असतं तर? तुमची सरासरी साडेसहावर येते, पूर्वेचा वाटा सव्वानऊवर जातो, आणि तुमचं इस्पिक पाच पानी असण्याची शक्यता असल्याने नो ट्रम्पमध्ये त्या रंगात तुम्हाला मिळू शकणारे हात कमी होतात. आता २ नो ट्रम्प बोलणारे काहीजण निघतील, सगळे नाही. प्रत्यक्षात तुमच्याकडे पाचच पॉइंट होते, म्हणजे बाकीच्या दोघांत वीस. पूर्वेकडे दहा-अकरा असणार, पण पश्चिमेला ते दिसत नव्हतं.

‘मधलाच काहीतरी’ स्कोअर इथून आला. डायरेक्टर त्याच दर्जाच्या दोन-चार खेळाडूंना पश्चिमेची पानं दाखवतो, बरोबर माहिती देतो आणि विचारतो, तुम्ही काय बोलाल? समजा दहापैकी सहा वेळा बोली ३ नो ट्रम्पला पोचेल असा अंदाज निघाला. मग कलम १२ खाली तो वजनी स्कोअर देतो: ६० टक्के ३ नो ट्रम्प ६००, ४० टक्के २ इस्पिक दोन कमी. पेअर्समध्ये हे वजन ६०० आणि १०० या आकड्यांना लावत नाहीत, त्या-त्या निकालाला मिळणाऱ्या मॅचपॉइंटांना (बाकी टेबलांशी तुलना करून मिळणाऱ्या गुणांना) लावतात. म्हणून स्कोअरशीटवर तो आकडा ओळखीचा दिसत नाही आणि अन्याय झाल्यासारखा वाटतो. नुकसान झालंच नसतं, म्हणजे उदाहरणार्थ पश्चिमेकडे ९ पॉइंट असते आणि तो कुठल्याही माहितीवर पासच झाला असता, तर स्कोअर तसाच राहिला असता. तुम्हाला फक्त कार्ड दुरुस्त करायला सांगितलं असतं.

अजून एक गोष्ट तुमच्या हातात होती आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. बोली संपली, तुम्ही डिक्लेरर, म्हणजे डाव खेळणारे, झालात. कार्डावरची माहिती किंवा भिडूने दिलेलं स्पष्टीकरण तुमच्या खऱ्या ठरावाशी जुळत नाही, हे तुम्हाला कळत होतं. अशा वेळी शेवटचा पास झाल्यावर, उतारी व्हायच्या आधी, डायरेक्टरला बोलावून ‘आमचा ठराव तिसऱ्या जागेवर पाच पानांचाही आहे’ असं सांगणं तुमचं कर्तव्य आहे. मग डायरेक्टर पूर्वेला त्याचा शेवटचा पास मागे घ्यायची मुभा देतो, कारण त्यानंतर त्याच्या भिडूने काही बोललेलं नसतं. पश्चिमेचा पास मात्र परत घेता येत नाही. त्याच्यानंतर पूर्व बोलून गेलेला असतो. बचावाच्या बाजूला असाल तर हेच उलट: भिडूची चूक डाव संपेपर्यंत सुधारायची नाही, नाहीतर भिडूला नको ती माहिती मिळते. आणि चुकीचं स्पष्टीकरण झालं की चुकीची बोली, याचा पुरावा नसेल तर डायरेक्टरने स्पष्टीकरणच चुकलं असं धरायचं असतं. त्यामुळे ‘आमचा ठराव सहाचाच, मी फक्त सरकलो’ हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

आता कार्ड. ‘वीक’ एवढाच शब्द लिहिलेली कार्डं सगळीकडे दिसतात, आणि तो शब्द जवळजवळ निरुपयोगी आहे. जागा आणि व्हल्नरेबिलिटी यांच्याशिवाय वीक टूचा अर्थ लागत नाही. मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं: पहिली आणि दुसरी जागा, ६ पानं, ६ ते १०, व्हल असल्यास रंगात वरच्या तीनपैकी दोन मोठी पानं. तिसरी जागा नॉन-व्हल, ५ पानं चालतात, ३ ते १०. तिसरी जागा व्हल, ६ पानं, ७ ते १०. चौथी जागा, ६ चांगली पानं, १० ते १३. चार ओळी, कार्डावर बसतात.

चौथ्या जागेची ओळ पाहून तुमच्या भिडूला नवल वाटेल. पण चौथ्या जागेवर वीक बोलून अडवायचं कोणाला? तिघंही पास झालेत, तुम्ही पास म्हणालात तर डाव तिथेच संपतो. तिथे बोलायचं ते स्कोअर प्लसमध्ये येईल म्हणून, आणि त्यासाठी पानंही बरी हवीत.

तिसऱ्या जागेची सूट मात्र पूर्णपणे तर्कशुद्ध आहे, तिच्याबद्दल लाजायचं कारण नाही. भिडू पास झालाय, आपला गेम (मोठ्या बोनसची बोली) जवळपास नाही, पूर्वही पास झालाय, म्हणजे मोठा हात बहुधा तुमच्या डावीकडे. त्याची पहिली पायरी काढून घेणं हाच उद्देश. उतारीचाही फायदा आहे: राजा-राणी-१०-८-४ असेल तर भिडू इस्पिक काढेल ते बरंच. तेच इस्पिक गुलाम-९-७-५-२ असतं आणि तुमचे पॉइंट दुसरीकडे असते, तर समोरच्यांच्या ३ नो ट्रम्पवर भिडूने इस्पिक काढून एक हात फुकट घालवला असता. रंग वाईट असेल तर पाच पानांवर गप्प बसा. कायदा अडवत नाही, पण भिडू पुन्हा तुमच्या बोलीवर उतारी करताना विचार करेल.

गुणांचा हिशेबही पाहून ठेवा. तुम्ही नॉन-व्हल, ते व्हल: डबल होऊन (समोरच्यांनी दंड वाढवून) तुम्ही तीन कमी पडलात तरी ५०० जातात, त्यांचा गेम ६०० किंवा ६२० चा. तुमच्या त्या बोर्डावर डबल झाली असती तरी दोन कमी म्हणजे ३००, तेही स्वस्त. तेच दोघंही नॉन-व्हल असाल तर त्यांचा गेम ४०० ते ४२०, आणि तुमचे तीन कमी पुन्हा ५००. धंदा तोट्यात. आणि तुम्ही व्हल असाल तर दोन कमी, डबल न होताही, २०० जातात. समोरच्यांना पार्ट स्कोअरमध्ये (गेमखालच्या बोलीत) ११० किंवा १४० मिळत असताना तुम्ही २०० दिलेत, तर पेअर्समध्ये त्या बोर्डावर तळालाच बसाल. मंगळवारच्या खेळात सर्वाधिक शून्यं इथेच तयार होतात, पाच पॉइंटांच्या धाडसाने नाही.

कार्ड लिहिलं की काम संपत नाही. विचारलं तर उत्तर देता यायला हवं, आणि उत्तर बोलणाऱ्याने नाही, त्याच्या भिडूने द्यायचं असतं. ‘नॅचरल, वीक’ हे उत्तर नाही. ‘स्टँडर्ड’ हे तर मुळीच नाही, कॉलेज रोडवरचं स्टँडर्ड आणि देवळालीतलं स्टँडर्ड वेगळं असतं. पूर्ण उत्तर असं: ‘तिसऱ्या जागेवर नॉन-व्हल, साधारण तीन ते दहा, सहसा सहा पानं पण पाचही असतात, पाच असली तर रंग चांगला.’ एका श्वासात होतं. आणि फेरीच्या सुरुवातीला, बोर्ड बाहेर काढायच्या आधी, ‘आमचे तिसऱ्या जागेचे वीक टू हलके असतात’ एवढं सांगून टाकलंत तर अर्धी भांडणं जन्मालाच येणार नाहीत. नैसर्गिक वीक टूला अलर्ट (समोरच्यांना सावध करायची खूण) लागतो की नाही हे स्पर्धेच्या नियमांवर आहे, पण हे आगाऊ सांगणं कुठेच मना नाही. बोली सुरू झाल्यावर मात्र स्वतःच्या कार्डात डोकावायचं नाही. ते समोरच्यांसाठी आहे, तुमच्या आठवणीसाठी नाही.

तुमच्या भिडूची एक सवय आताच तपासा. तुम्ही तिसऱ्या जागेवर २ इस्पिक बोललात आणि त्याच्याकडे तीन इस्पिकं, दहा-अकरा पॉइंट असले, तर तो ३ इस्पिक बोलतो, की ‘याचं काही खरं नाही’ म्हणून पास होतो? कार्ड सहा पानांचं आणि वागणूक पाच पानांची असेल तर डायरेक्टरला दुसरा पुरावा लागत नाही. त्या दिवशी उत्तर आधीच पास झाला होता आणि त्याला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हा मुद्दा निघाला नाही.

पश्चिमेच्या गृहस्थांना एक सांगता आलं तर सांगा. १५ पॉइंट हातात असताना त्यांनी विचारायला हवं होतं: आपली पाळी आल्यावर, उत्तरेला, ‘तिसऱ्या जागेवर काय ठरलंय?’ एवढं. सतत विचारायची सवय ठेवावी लागते, कारण चांगली पानं असतानाच प्रश्न विचारणारा माणूस भिडूला फुकट माहिती देऊन टाकतो, आणि मग पेच त्याच्या भिडूवर येतो.

आता ‘किमान किती’ या तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आकडा कायद्याच्या पुस्तकात नाही. पण कलम ४० स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेला ठरावांवर बंधन घालायचा अधिकार देतं, आणि आकडे तिथे सापडतात. लोकांचा गोंधळ होतो तो यामुळे की एकच्या पातळीवरचं बंधन आणि दोनच्या पातळीवरचं बंधन वेगवेगळ्या जातीचं आहे.

एकच्या पातळीवर प्रश्न ताकदीचा आहे. जागतिक ब्रिज फेडरेशनच्या धोरणात सरासरी हात म्हणजे १० पॉइंट. त्याहून एक राजा, म्हणजे ३ पॉइंट, किंवा जास्त कमी असलेल्या हातावर एकच्या पातळीवर ओपन करायचा ठराव असेल, म्हणजे ७ किंवा कमी, तर तुमची अख्खी पद्धत ‘अतिअसामान्य’ गटात जाते. त्याच गटात पासचा अर्थ ओपनिंगइतका मोठा हात असा ठेवणाऱ्या पद्धतीही येतात. हे गट फार थोड्या, लांबलचक टीम स्पर्धांतच चालतात. आपल्याकडच्या पेअर्समध्ये त्यांचा विचारही करू नका. ‘ठराव’ या शब्दावर पुन्हा बोट ठेवतो: एखाद्या रात्री सहा पॉइंटांवर १ इस्पिक बोललात आणि भिडूलाही ते तितकंच अनपेक्षित होतं, तर तो ठराव नव्हे, साइक झाला. साइक म्हणजे ताकद किंवा पानांची लांबी मुद्दाम आणि ढोबळपणे खोटी सांगणं, आणि तो कायद्याने मान्य आहे. रोज केला की ठराव.

तुमच्या भिडूचा ९ पॉइंटांचा १ बदाम यात कुठे बसतो? तुम्ही पानं दिली नाहीत. समजू की बदाम एक्का-राणी-१०-८-६, चौकट राजा-१०-९-७-४ आणि बाकी तीन किरकोळ पानं. पॉइंट ९, दोन लांब रंगांची पानं १०, एकूण १९. ज्याला विसाचा नियम म्हणतात, पॉइंट आणि सर्वांत लांब दोन रंगांची पानं मिळून २० झाली तर ओपन करा, त्यात हा हात एकाने कमी पडतो. पण तोही नियम नव्हे, हात तोलायचा अंदाज आहे. मार्टी बर्गन यांनी तो लोकप्रिय केला आणि लोक त्याला कलमासारखा फेकून मारतात. नऊ पॉइंट सातच्या वर आहेत, हरकत घेण्यासारखं काही नाही. कार्डावर मात्र ‘१२+’ लिहिलं असेल तर पुन्हा तोच घोटाळा. ‘११+, चांगल्या आकारावर ९’ असं लिहा. सगळा पॉइंटांचा जोर लांब रंगांत आहे म्हणून हा हात मला पटतो. तेच ९ पॉइंट आखूड रंगांतल्या राणी-गुलामांत असते तर पास.

दोनच्या पातळीवर ताकदीला तळ नाही. तिथे प्रश्न असतो: समोरच्याला निदान एक रंग तरी कळतोय का? २ किलवरपासून ३ इस्पिकपर्यंतची कुठलीही ओपनिंग बोली ठरावाने सरासरीपेक्षा कमी हातावर होऊ शकत असेल आणि एखाद्या ठरावीक रंगाची किमान चार पानं हमखास दाखवत नसेल, तर ती ‘ब्राउन स्टिकर’. कारण सरळ आहे. रंग कळला की समोरच्यांना त्या रंगाची बोली करून बाकीचे रंग मागता येतात, टेकआउट डबलचा (भिडूला दुसरा रंग बोलायला लावणाऱ्या डबलचा) अर्थ ठरवता येतो. रंगच कळला नाही तर आधी तयारी केल्याशिवाय त्यांच्याकडे उत्तर नसतं.

म्हणून तुमचा पाच पॉइंटांचा, पाच पानांचा २ इस्पिक या कसोटीला आरामात उतरतो. चार पानांचाही उतरला असता, शहाणपणाचा नसला तरी. २ बदाम म्हणजे पाच बदाम आणि सोबत एक मायनर (किलवर किंवा चौकट), चालतं: बदाम ठरलेला आहे. २ चौकट म्हणजे दोन्ही मेजर (बदाम आणि इस्पिक), चार-चार, वीक, चालतं. २ नो ट्रम्प म्हणजे वीक आणि दोन्ही मायनर, चालतं. तेच २ नो ट्रम्प ‘कुठलेही दोन रंग’ असं केलंत तर ब्राउन स्टिकर. २ इस्पिक म्हणजे ‘किलवर किंवा चौकट, कुठलं ते नंतर’, हेही ब्राउन स्टिकर. जागतिक फेडरेशनच्या पेअर्स स्पर्धांत या बोलींना मनाई असते, कारण दर दोन-तीन बोर्डांनी नवे प्रतिस्पर्धी येतात, तयारीला वेळच नाही.

मग मल्टी २ चौकट? ती बदाम किंवा इस्पिक यांपैकी एकाचा वीक टू दाखवते, कुठल्या ते सांगत नाही. वरच्या व्याख्येने ब्राउन स्टिकर ठरायला हवी. पण जगभर इतकी खेळली गेली की तिच्यासाठी वेगळा अपवाद केलाय: दोनच्या पातळीवर मायनरची बोली, जी कुठल्यातरी एका मेजरचा वीक टू दाखवते, सोबत मोठे हात असोत वा नसोत, ती ब्राउन स्टिकर नाही. हा अपवाद नेमका वाचा. त्यात मायनरचा वीक हात घातलात, ‘बदाम, इस्पिक किंवा किलवर’, तर अपवाद सुटला आणि बोली पुन्हा बंदीत गेली. २ बदाम ही बोली ‘बदाम किंवा इस्पिक’ अशी ठेवली तरी तेच, कारण अपवाद मायनरच्या बोलीपुरता आहे.

जागतिक धोरण हा सांगाडा झाला. मुंबईच्या त्या स्पर्धेत प्रत्यक्षात काय चालेल ते तिच्या प्रॉस्पेक्टसमध्ये असेल, आणि आयोजक याहून कडक होऊ शकतात. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर मोबाइलवर वाचायची ही गोष्ट नाही. निदान दहा दिवस आधी वाचा, मल्टीचा उल्लेख सापडला नाही तर चीफ डायरेक्टरला लेखी विचारा आणि उत्तराची प्रिंट सोबत ठेवा. टेबलवर बोर्ड अडकला असताना ‘आम्हाला कोणीतरी हो म्हणालं होतं’ याला किंमत नसते.

आणि मल्टी घेणार असाल तर त्याची दुसरी बाजू आधी पक्की करा. जोड्या मल्टीत फसतात त्या ओपनिंगवर नाही, उत्तरांवर. भिडू २ बदाम बोलला तर त्याचा अर्थ ‘बदाम असेल तर पास, इस्पिक असेल तर सांग’. भिडूने २ इस्पिक म्हटलं तर ‘इस्पिकात थांब, बदामात मात्र मला तीन-चारची हौस आहे’. २ नो ट्रम्प म्हणजे चौकशी, पुढची चार उत्तरं पाठ हवीत. मधे कोणी डबल दिली तर पासचा अर्थ काय, रीडबलचा काय, हे ठरवलेलं नसेल तर सहा पानी मेजर हातात असूनही तुम्ही तीन चौकटांवर २ चौकट डबल खेळत बसाल. घरी पंचवीस-तीस हात वाटून फक्त बोली करा, पानं खेळू नका.

समोरच्यांसाठी मल्टीविरुद्ध खेळायची एक सोपी पद्धत अर्ध्या पानावर लिहून दोन प्रती न्या, एक प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला. त्यात एवढं पुरतं: लगेच डबल म्हणजे १३ ते १५ सपाट किंवा कुठलाही मोठा हात, २ बदाम आणि २ इस्पिक नैसर्गिक, २ नो ट्रम्प १६ ते १८ दोन्ही मेजरमध्ये स्टॉपर धरून, आणि रंग कळल्यानंतरची डबल टेकआउट. तीच पद्धत तुम्हीही पाठ करा. मल्टी आणणारी तुमचीच एक जोडी नसेल.